उत्तर मिळालेल्या शंका

पृथ्वी तापते आहे, हे आता सहसा कोणी नाकारत नाही. वाद उरला आहे तो ती कशामुळे तापते याचा. सूर्याचा जोर वाढला म्हणून, ज्वालामुखींमुळे, हवामानाचे चक्र पूर्वीपासून फिरत आले आहे तसेच आताही फिरते आहे म्हणून, की माणसाने दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळले म्हणून? या वादात एक समजूत फार खोल रुजली आहे. माणसाकडे बोट दाखवणारा सिद्धान्त १९८० नंतर कधीतरी घाईघाईने उभा राहिला, त्याला राजकीय पाठबळ मिळाले आणि शंका घेणाऱ्यांचे कोणी ऐकूनच घेतले नाही, अशी ती समजूत. जुने शोधनिबंध आणि त्यांवरच्या चर्चा वाचल्या तर चित्र उलटे दिसते. हा सिद्धान्त मांडला गेला तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांनी तो फेटाळला. पन्नासेक वर्षे तो अडगळीत पडून होता. त्याच्यावर हरकती घेणारे लोक त्या काळातले उत्तम भौतिकशास्त्रज्ञ आणि हवामानतज्ज्ञ होते आणि त्यांच्या हरकतींना वजन होते. एकेक हरकत दूर करायला नवी उपकरणे लागली, नवी मापने लागली, क्वचित एखाद्या माणसाचे सारे आयुष्य लागले. माझे म्हणणे असे आहे की आज आपल्याजवळ जो पुरावा आहे, तो मुख्यतः या हरकतींनीच घडवला. तेव्हा तीच हरकत आज कोणी पुन्हा पुढे केली, तर तिचे पूर्वी काय झाले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली. सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचा नुसता हिशेब केला तर पृथ्वी आहे त्यापेक्षा कितीतरी थंड असायला हवी. मग ती उबदार का? फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२४ साली सुचवले की सूर्यप्रकाश हवेतून सहज आत येतो, पण तापलेल्या जमिनीतून निघणारी अदृश्य उष्णता तितक्या सहज बाहेर पडत नाही. हवेतला कोणता घटक तिला अडवतो, हे शोधण्याचे काम पुढच्या पिढीवर आले. अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती नळकांडी उन्हात मांडली. हायड्रोजनचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढले, साध्या हवेचे १०६, ऑक्सिजनचे १०८ आणि कार्बन डायऑक्साइडचे १२५. या वायूचे प्रमाण एखाद्या काळी जास्त असेल तर पृथ्वीही तेव्हा जास्त उष्ण असली पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी १८५६ सालीच लिहून ठेवला. त्या वर्षी आल्बनीच्या वैज्ञानिक अधिवेशनात त्यांचा निबंध जोसेफ हेन्री यांनी वाचून दाखवला, आणि पुढे दीडशे वर्षे तो जवळजवळ विस्मरणात गेला. फूट यांच्या प्रयोगात एक उणीव होती. सूर्याचा थेट प्रकाश आणि जमिनीतून निघणारी अवरक्त उष्णता त्यांना वेगळी करता आली नव्हती. ते काम लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ साली केले. काच अवरक्त किरण अडवते, म्हणून त्यांनी पितळी नळीची दोन्ही तोंडे सैंधव मिठाच्या पातळ तावदानांनी बंद केली आणि एका बाजूने उष्णता सोडून दुसऱ्या बाजूला किती पोहोचते ते मोजले. हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता जवळजवळ जशीच्या तशी जाऊ देत. पाण्याची वाफ आणि अल्पसा कार्बन डायऑक्साइड मात्र ती शोषून घेत. 'एवढासा वायू एवढी मोठी पृथ्वी कशी तापवील' हा प्रश्न आजही विचारला जातो. प्रमाण थोडे असले तरी हवेतल्या बाकीच्या वायूंना जे जमत नाही तेच काम तो करतो, हे त्याचे उत्तर टिंडल यांच्या नळीने तेव्हाच दिले होते.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांना कुतूहल होते ते हिमयुगांचे. कार्बन डायऑक्साइड म्हणजेच कर्बवायू कमी झाल्याने पृथ्वी गोठली असेल का, हे तपासायला त्यांनी हातानेच कंटाळवाणी आकडेमोड केली, अक्षांशामागून अक्षांश, ऋतूमागून ऋतू. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उलट बाजूचे उत्तरही होते. हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच ते सहा अंश सेल्सिअसने वाढेल. आज हा आकडा थोडा जास्त वाटतो, पण हाताने केलेल्या हिशेबाला तो आश्चर्यकारक जवळचा आहे. त्यांनी आणखी एक भाकीत केले होते, की तापमानवाढ दिवसापेक्षा रात्री आणि उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक जाणवेल. त्यांचे सहकारी आर्विड होगबोम यांनी कारखान्यांच्या धुराड्यांतून किती कर्बवायू निघतो याचा हिशेब मांडला होता. तेव्हा जगात वर्षाला जेमतेम ५० कोटी टन कोळसा जळत असे, त्यामुळे दुपटीला हजारो वर्षे लागतील असे अऱ्हेनियस यांना वाटले. थंड देशात राहणाऱ्या या माणसाला ती ऊब हवीहवीशीच वाटत होती. कोणावर आरोप करावा, कर बसवावा किंवा उद्योगांना लगाम घालावा, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

पहिली जबरदस्त हरकत चारच वर्षांनी आली, आणि ती त्यांच्याच देशातून. उप्सालाचे क्नूट आंगस्ट्रॉम हे अवरक्त किरणांचे निष्णात होते. १९०० साली त्यांच्या साहाय्यकाने ३० सेंटिमीटर लांबीच्या नळीत कर्बवायू भरून त्यातून अवरक्त किरण सोडले. वातावरणाच्या तळापासून टोकापर्यंतच्या हवेच्या एका स्तंभात जेवढा कर्बवायू असतो, त्याहून थोडा कमी वायू त्या नळीत होता. मग त्याने तो वायू एक-तृतीयांशाने कमी केला आणि पुन्हा मोजले. शोषण जवळजवळ तेवढेच राहिले. याचा अर्थ सरळ दिसत होता. वायूला जेवढे शोषायचे तेवढे त्याने आधीच शोषले आहे, आता त्यात भर घालून काही फरक पडणार नाही. त्यात पाण्याची वाफही त्याच पट्ट्यातली उष्णता शोषते, तेव्हा कर्बवायूला करायला काम उरतेच कुठे? अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकाने हा निष्कर्ष छापला, पाठ्यपुस्तकांनी उचलला, आणि अऱ्हेनियस यांचा सिद्धान्त निकालात निघाला असे मानले जाऊ लागले. हे सारे प्रामाणिकपणे झाले. त्या काळच्या उपकरणांनी दाखवले तेच त्या शास्त्रज्ञांनी स्वीकारले.

चूक कुठे होती हे समजायला अर्धे शतक गेले. उप्सालाच्या उपकरणाला शोषणाचे पट्टे सरसकट दिसत होते. प्रत्यक्षात प्रत्येक पट्टा हजारो बारीक रेषांचा बनलेला असतो आणि त्या रेषांमधल्या फटींतून उष्णता निसटत असते. जमिनीलगतच्या दाबाखाली या रेषा रुंद होतात, उंचावरच्या विरळ हवेत अरुंद. शिवाय उंचावर वाफ फारशी नसतेच. ती खालीच गोठून पाऊस-बर्फ होते. पृथ्वीची उष्णता अखेर अवकाशात निसटते ती याच उंच, कोरड्या थरांतून. कर्बवायू वाढला की निसटण्याची ही जागा आणखी वर, आणखी थंड थरात सरकते. थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो, म्हणून खालचे सारे थोडे तापून पुन्हा हिशेब जुळवते. खालच्या थराने आपल्या वाट्याची उष्णता पूर्ण अडवली तरी वरच्या थरांचे काम शिल्लक राहतेच. अंगावर एक गोधडी आहे म्हणून दुसरीने ऊब वाढत नाही असे होत नाही. हे बारकावे मोजले गेले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे हवामानाची काळजी मुळीच नव्हती. अमेरिकी हवाई दलाला उष्णतेच्या मागावर जाणारी क्षेपणास्त्रे हवी होती, त्यासाठी हवेतून अवरक्त किरण कसे जातात हे तंतोतंत कळायला हवे होते. गिल्बर्ट प्लास यांनी ही मापने संगणकावर चढवली आणि १९५६ साली उत्तर दिले की कर्बवायू दुप्पट झाल्यास सुमारे ३.६ अंशांची वाढ होईल. 'कर्बवायूचा परिणाम केव्हाच भरून गेला आहे' हे वाक्य आज कुठे वाचले की मला आंगस्ट्रॉम यांच्याबद्दल आदर वाटतो आणि ते वाक्य आज लिहिणाऱ्याबद्दल खेद. १९०० साली ते म्हणणे रास्त होते.

मधल्या काळात हा सिद्धान्त जिवंत ठेवला एका वाफेच्या यंत्रांच्या इंग्रज अभियंत्याने. गाय स्टुअर्ट कॅलेंडर हे हवामानतज्ज्ञ नव्हते. फावल्या वेळात त्यांनी जगभरच्या सुमारे दीडशे ठिकाणांच्या तापमानाच्या नोंदी गोळा केल्या, पन्नास वर्षांत पृथ्वी पाव अंशाच्या आसपास तापल्याचे दाखवले आणि त्याचा संबंध जाळलेल्या कोळशाशी जोडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे हा निबंध वाचला गेला. चर्चेत सर जॉर्ज सिम्पसन होते. सिमल्याला भारतीय हवामान खात्यात त्यांनी बरीच वर्षे काढली होती आणि आता ते ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. त्यांचा सूर असा होता की बाहेरून आलेल्या माणसाला हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. नुसत्या किरणांच्या हिशेबाने वातावरणाचे तापमान कळत नाही, हवा वर-खालीही होत असते. हा आक्षेप योग्यच होता. तो १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेची ती घुसळण हिशेबात धरून दूर केला. दुसरा आक्षेप होता तापमापकांवर. गावाचे शहर झाले, तापमापकाभोवती इमारती आल्या, म्हणून तर पारा चढला नसेल ना? ही शंका कॅलेंडर यांनी स्वतःच तपासली होती. २०१० नंतर ती पुन्हा नव्याने तपासली ती रिचर्ड म्युलर या शंकेखोर भौतिकशास्त्रज्ञाने. त्यांच्या बर्कलीच्या गटाला मिळालेल्या देणग्यांत तेल आणि रसायनांच्या धंद्यातल्या कोक घराण्याच्या प्रतिष्ठानचीही देणगी होती. शहरांचा परिणाम जागतिक सरासरीत नगण्य आहे, वाढ खरी आहे आणि तिचे कारण माणूस आहे, असे त्यांनी २०१२ साली जाहीरपणे लिहिले. शंका घ्यावी ती अशी, आणि उत्तर मिळाल्यावर वागावेही असे.

कॅलेंडर यांच्यासमोर आणखी एक भिंत होती, समुद्राची. समुद्रात हवेच्या सुमारे पन्नास पट कर्ब साठलेला आहे. मग धुराड्यातून निघालेला वायू तो गिळून टाकणार नाही का? याचे उत्तर १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्युस यांच्या निबंधातून पुढे आले. समुद्राच्या पाण्याचे रसायन असे आहे की वरचा थर मर्यादेपलीकडे वायू सामावून घेत नाही आणि वरचे पाणी तळाशी मिसळायला शेकडो वर्षे लागतात. तरीही हवेतला कर्बवायू खरोखर वाढतो आहे का, हे कोणी नीट मोजलेले नव्हते. मार्च १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर, ३,४०० मीटर उंचीवर, अवरक्त किरणांनी वायू मोजणारे यंत्र बसवले. हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कर्बवायू आढळला. पहिल्या दोन वर्षांतच दोन गोष्टी उमटल्या. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात झाडे फोफावली की आकडा खाली येई आणि हिवाळ्यात पुन्हा चढे. पण दर वर्षी तो आदल्या वर्षापेक्षा थोडा वर जाऊन थांबे. १९६४ मध्ये पैसे आटल्याने काही महिने मोजणी बंद पडली. कीलिंग यांनी ती पुन्हा सुरू केली आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत तिचा पाठपुरावा सोडला नाही. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या आसपास होती. यंत्रयुगाच्या आधी, हिमनद्यांत अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून, ती २८० होती. मौना लोआ हा स्वतः ज्वालामुखी आहे, हा आक्षेप लगेच घेतला जातो. तिथे वाऱ्याची दिशा पाहून ज्वालामुखीकडून आलेली हवा मोजणीतून वगळली जाते, आणि दक्षिण ध्रुवावरची मोजणीही हीच चढण दाखवते.

वाढलेला वायू माणसाचाच कशावरून? या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत भक्कम वाटते, कारण ते एकमेकांशी संबंध नसलेल्या मापनांतून आले आहे. जिवंत झाडांत किरणोत्सारी कर्ब-१४ असतो. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो केव्हाच संपलेला असतो. खोडांच्या वलयांत कर्ब-१४ पातळ होत चालल्याचे झ्युस यांनी १९५५ सालीच दाखवले होते. दुसरी खूण कर्ब-१३ ची. वनस्पतींत तो कमी असतो, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या जळणातही कमी. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून वायू आला असता तर कर्ब-१३ चे प्रमाण आज घटते आहे तसे घटले नसते. तिसरी खूण ऑक्सिजनची. जळण जळताना ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीतून आलेल्या वायूने तो होत नाही. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हवेतला ऑक्सिजन मोजत आहेत आणि तो जळणाच्या हिशेबाला जुळेल अशा बेताने उतरतो आहे. श्वास घ्यायला कमी पडावा एवढी ही घट नाही, पण साक्ष द्यायला पुरेशी आहे. ज्वालामुखी वर्षाला जेवढा कर्बवायू सोडतात, त्याच्या सुमारे शंभर पट माणूस सोडतो.

सूर्याला जबाबदार धरण्याची परंपरा आपल्या देशाच्या इतिहासाशी घट्ट जोडलेली आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास आणि म्हैसूरबरोबर पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांची धूळधाण झाली. नोव्हेंबर १८७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि हिंदुस्थानच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम हंटर यांनी लंडनच्या एका मासिकात लेख लिहून मांडले की सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात आणि डाग कमी असले की दक्षिण हिंदुस्थानात पाऊस तुटतो. कल्पना एवढी मोहक होती की स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातल्या पिकांच्या वाटेने इंग्लंडमधली व्यापारी मंदीही सूर्याच्या डागांशी जोडली. रिचर्ड स्ट्रेची यांनी मद्रासच्या पावसाचे तेच आकडे तपासून हा मेळ पुराव्याला टिकत नसल्याचे दाखवले. पुढे दुष्काळ आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याचकडे आले. तरीही आशा मावळली नाही. १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली, ती मोसमी पावसाचे गुपित सूर्यात सापडेल या अपेक्षेनेही. अखेर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचा पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांची सूर्यडागांशी सांगड घालून पाहिली. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात संबंध इतका क्षीण निघाला की त्यावर पावसाचा अंदाज बांधणे शक्य नव्हते. लॉकियर आणि हंटर यांच्या हेतूंवर संशय घेण्याचे कारण नाही. पण कारण आकाशात सापडले की जमिनीवरच्या प्रश्नांना आपोआप सुट्टी मिळते, हेही खरे. त्याच दुष्काळात देशातून धान्य बाहेर जात होते, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला सारा आणि मदतकामांच्या मजुरीबद्दल प्रश्न विचारत होती.

आजच्या तापमानवाढीबाबत मात्र सूर्याची बाजू अंदाजावर सोडावी लागत नाही. नोव्हेंबर १९७८ पासून उपग्रह वातावरणाच्या बाहेरून सूर्याची शक्ती मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण हजारात एक भाग एवढीच हलते, आणि पृथ्वी सर्वांत वेगाने तापली त्या दशकांत तिचा कल वाढीचा नाही, उलट किंचित उतरणीचा आहे. याहून निर्णायक खूण मानाबे आणि वेदराल्ड यांच्या १९६७ च्या हिशेबात होती. सूर्य तापवत असेल तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले पाहिजे. कर्बवायू तापवत असेल तर खालचा थर तापेल आणि त्याच्या वरचा स्थितांबराचा थर थंड होईल. फुगे आणि उपग्रह यांनी पुढे मोजले तेव्हा खालचा थर तापलेला आणि वरचा थंड झालेला आढळला. वरच्या भागातल्या थंडाव्याला ओझोनच्या घटीचाही हातभार आहे. तो वजा करूनही कर्बवायूचा वाटा उरतो. आणि अऱ्हेनियस म्हणाले होते तशा रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगाने तापल्या. सूर्य दिवसा तळपतो. त्याच्यामुळे वाढ झाली असती तर क्रम उलटा दिसला असता.

'हवामान पूर्वीही बदलतच होते' हे विधान बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चूक. आग पूर्वी विजेने लागत असे, म्हणून आज काडी कोणी ओढली हे विचारायचे नाही असे होत नाही. अंटार्क्टिकातल्या बर्फाने आठ लाख वर्षांची हवा जपून ठेवली आहे आणि त्या साऱ्या काळात कर्बवायू १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिला. त्या नोंदींत तापमान आधी आणि वायू मागाहून चढताना दिसतो, असे दाखवून कारण-परिणामाची उलटापालट करण्याचा प्रयत्न होतो. हिमयुगांची सुरुवात-अखेर पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी झाली, हे मान्यच आहे. समुद्र तापू लागला की तो वायू सोडतो आणि तो वायू मग पृथ्वीला आणखी तापवतो. आज वायू समुद्रातून बाहेर येत नाही, समुद्रात मुरतो आहे, आणि पाणी अधिक आम्लधर्मी होत आहे. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते, ही गोष्टही ऐकवली जाते. 'न्यूजवीक'ने १९७५ साली तसा लेख छापला होता खरा. पण १९६५ ते १९७९ मधल्या शोधनिबंधांची मोजदाद नंतर झाली, तेव्हा थंडी भाकीत करणारे ७ निघाले आणि तापमानवाढ भाकीत करणारे ४४.

१९७९ साली ज्यूल चार्नी यांच्या समितीने अमेरिकी विज्ञान अकादमीला अहवाल दिला की कर्बवायू दुप्पट झाल्यास वाढ दीड ते साडेचार अंशांच्या दरम्यान असेल. इथपर्यंतचा वाद मी मनापासून मानतो. त्यानंतर वादाचे रूप पालटले. एक्झॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून व्यवस्थापनाला हेच सांगितले होते, आणि त्यांनी त्या काळात आखलेले तापमानाचे आलेख प्रत्यक्षाशी चांगले जुळल्याचे २०२३ साली तपासणीत दिसून आले. १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटारींच्या कंपन्यांनी स्थापलेल्या 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन'च्या १९९५ च्या अंतर्गत टिपणात हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही आणि विरोधी सिद्धान्त पटण्याजोगे नाहीत, असे तिच्याच तज्ज्ञांनी लिहिले होते. बाहेर मात्र ती संघटना शंकाच पसरवत राहिली. १९९८ साली अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या बैठकीतला एक आराखडा वर्तमानपत्राच्या हाती लागला; सामान्य नागरिकाला विज्ञान अनिश्चित वाटू लागले की आपण जिंकलो, असे त्याचे उद्दिष्ट होते. आंगस्ट्रॉम यांची शंका उत्तर शोधत होती. ही शंका उत्तर मिळू नये म्हणून होती, आणि तिच्यामुळे गेलेली वर्षे परत मिळणार नाहीत.

आपल्याकडे वेगळी हरकत ऐकू येते. हा सारा श्रीमंत देशांचा कट आहे, आपण वर येऊ लागलो तेव्हाच त्यांना धुराची आठवण झाली. या रागाला आधार आहे. १९९० साली एका अमेरिकी संस्थेने भारताला मोठ्या प्रदूषकांच्या यादीत बसवले, तेव्हा अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी पुढच्याच वर्षी त्या हिशेबाची चिरफाड केली. भाताच्या खाचरातून आणि गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन आणि मोटारींतून निघणारा धूर एकाच मापाने कसा मोजता, पृथ्वीची शोषणशक्ती माणशी का वाटत नाही, हे त्यांचे प्रश्न होते. आजही भारताचा माणशी कर्बवायू वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेचा चौदा टनांच्या आसपास. पण अग्रवाल-नारायण यांनी भौतिकशास्त्र नाकारले नाही. उलट तापमानवाढीचे कारण जळण आहे हे मान्य केले तरच कोणी किती जाळले हा प्रश्न विचारता येतो. सूर्याला दोष दिला की अमेरिकेचा आणि युरोपचा दीडशे वर्षांचा हिशेबही पुसला जातो. आपल्याकडे आणखी एक दाखला दिला जातो तो हिमनद्यांचा. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील, हे हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालातले विधान चुकीचे होते, भारतीय भूशास्त्रज्ञांचा त्यावरचा आक्षेप बरोबर होता, आणि २०१० मध्ये मंडळाने चूक मान्य केली. ती चूक परिणामांवरच्या खंडात होती. तापमानवाढीच्या कारणाची चर्चा दुसऱ्या खंडात आहे आणि तिथले विधान प्रत्येक अहवालागणिक पुराव्याच्या जोरावर ठाम होत गेले; १९९५ साली 'माणसाचा प्रभाव ओळखता येतो' इतपत सावध असलेली भाषा २०२१ मध्ये निःसंदिग्ध झाली.

खरे अनुत्तरित प्रश्न आहेत, आणि त्यातले काही आपल्याच डोक्यावर तरंगत आहेत. तापमान वाढल्यावर ढग कसे वागतील हे पूर्ण कळलेले नाही. म्हणूनच दुप्पट कर्बवायूचा अंदाज आजही अडीच ते चार अंश असा पट्टा आहे, एक आकडा नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत तयार झालेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारत सुमारे ०.७ अंशाने तापला, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमी. याचे एक कारण आपल्या हवेतले धुरकट कण, जे सूर्यप्रकाश परतवतात. या कणांचा मोसमी पावसावर नेमका काय परिणाम होतो, यावर भारतीय शास्त्रज्ञांत खडाजंगी झाली आहे. वीरभद्रन रामनाथन यांच्या गटाने हिंदी महासागरावरच्या तपकिरी ढगाबद्दल इशारा दिला, तेव्हा २००२ साली जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी त्यातल्या दाव्यांवर कठोर प्रश्न विचारले. हा वाद मापनांचा आहे आणि तो चालूच राहायला हवा, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातून गंधक काढण्याचे नियम २०१५ मध्ये झाले आणि त्यांच्या मुदती वाढत गेल्या. फुप्फुसांसाठी ते गंधक निघालेच पाहिजे. पण गंधकाचे कण पावसाबरोबर काही दिवसांत धुऊन जातात आणि त्याच धुराड्यातला कर्बवायू शतकानुशतके हवेत राहतो. गंधक काढले आणि कोळसा तसाच जळत राहिला, तर आज या धुरकटाने झाकलेली वाढ विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी भर घालील, आणि ती नेमकी किती असेल हे कोणालाही अजून खात्रीने सांगता आलेले नाही.